दोन गाण्यांच्या मधली जागा

पुणे-बंगळुरू महामार्गावर साताऱ्याहून कराडकडे निघालं की वाटेत उंब्रज लागतं. तारळी इथं कृष्णेला मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक गावात आहे आणि चाफळला जाणारी वाट इथूनच आत वळते. महामार्गावरच्या ट्रकवाल्याला याचं फारसं काही नसतं. त्याला रेडिओ हवा असतो. पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत धावतात, डोंगर आडवा आला की खरखर सुरू. सातारा मागं पडतं, सांगली-कोल्हापूर पुढं असतं. एक केंद्र विरतं, दुसरं धरतं, मधे तिसरंच डोकावतं. गाडीतल्या सेटवर नुसते आकडे दिसतात आणि गाणं तर तेच, जे सगळीकडे लागलेलं असतं. आपण नेमकं कोणाला ऐकतोय हे त्याला कळतं ते दोन गाण्यांच्या मधल्या तीन-चार सेकंदांत. या सेकंदांच्या कारागिरीला रेडिओवाले 'इमेजिंग' म्हणतात. जिंगल हा तिचा सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत महागडा भाग.

आपल्याकडची या प्रकारातली पहिली मोठी कामगिरी एका निर्वासिताची आहे. वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार नाझींच्या सावटातून निघून १९३४ साली मुंबईत आला आणि पुढं रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळू लागला. आकाशवाणीची पहाटेची सुरावट त्याची. खाली तंबोरा आणि वर व्हायोलिनची शिवरंजनीच्या अंगानं जाणारी फिरत. तिच्यात शब्द नाही की केंद्राचं नाव नाही. तरीही चार-पाच स्वरांत कळतं की आकाशवाणी लागली. आजच्या कंपन्या आपल्या 'सॉनिक लोगो'वर एवढा खर्च करतात, त्यांनी ही सुरावट एकदा वही-पेन घेऊन ऐकावी.

सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं ते मध्यम लहरींवर. मध्यम लहरी जमिनीलगत सरकतात, डोंगराची फारशी पत्रास ठेवत नाहीत. कृष्णाकाठच्या गावांना तेव्हा निवडायला केंद्रंही फार नव्हती. त्यामुळं केंद्राची ओळख म्हणजे निवेदकाचा स्वच्छ आवाज आणि 'आकाशवाणी सांगली' हे दोन शब्द, एवढं पुरे होतं. पुणे केंद्रावर सकाळी सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. त्यांनी नाव सांगायच्या आधीच घराघरात लोकांनी त्यांना आवाजावरून ओळखलेलं असायचं. याला कोणी इमेजिंग म्हणत नव्हतं, पण होतं तेच. एक आवाज, एक ठरलेली वेळ, एक ठरलेलं वाक्य, वर्षानुवर्षं न बदललेलं. आजची कितीतरी केंद्रं दर सहा महिन्यांनी घोषवाक्य बदलतात आणि मग लोक आपल्याला ओळखत नाहीत म्हणून हळहळतात.

गायलेली जाहिरात अमेरिकेतून आली. १९२६च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिनियापोलिसच्या रेडिओवर 'व्हीटीज' या न्याहारीच्या पदार्थाची जाहिरात चौघांनी गायली. पुढं १९५१मध्ये टेक्सासातल्या डलास शहरात 'पॅम्स' कंपनी निघाली. तिनं गायलेल्या जाहिरातीचं तंत्र खुद्द रेडिओ केंद्राच्या नावाला लावलं. एकच चाल, एकच वाद्यमेळ, फक्त केंद्राचं नाव बदलून पुन्हा गायचं आणि गावोगाव विकायचं. १९६७मध्ये बीबीसीनं 'रेडिओ वन' सुरू केलं तेव्हा त्याच्याही जिंगल डलासहून आल्या. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, मुंबई-पुणे-नागपूरवर विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली आणि मुंबईच्या स्टुडिओंत जिंगलचं पीक आलं. लिरिलची धून बांधणारे वनराज भाटिया आणि आपले अशोक पत्की या दोघांनी हजारो जिंगल केल्या. पत्कींची भावगीतं ऐकताना मला नेहमी जाणवतं की हा माणूस दहा सेकंदांत चाल उभी करायला शिकलेला आहे. मुखडा रेंगाळत नाही.

२००१ पासून खासगी एफएम आलं आणि इमेजिंग हा वेगळा विभाग झाला. मिरची आली, कोल्हापुरात पुढारी समूहाचं ९४.३वर टोमॅटो आलं. रेडिओ लावतोय की मंडईत उभे आहोत, असा प्रश्न पडावा. पण नावं लक्षात राहिली हे मान्य करायला हवं. दोन-तीन अक्षरांचं, तोंडात बसणारं, गाता येणारं नाव ही निम्मी जिंगल असते.

आता कारखान्यात डोकावू. जिंगल गायलेली असते. स्वीपर म्हणजे दोन गाण्यांमधून सरकन जाणारी, आवाजाच्या करामतीवर बसवलेली नुसती बोललेली ओळ. जाहिरातींकडे जाताना-येताना वाजतो तो बंपर. एक-दीड सेकंदाचा ठोका म्हणजे स्टिंगर. निवेदक बोलत असताना खाली हळू वाजत राहतं ते बेड. येणाऱ्या कार्यक्रमाची वीस-तीस सेकंदांची हाकाटी म्हणजे प्रोमो. हे सगळं एकाच चार-पाच स्वरांच्या धुनेतून काढायचं, ही खरी मेख. मूळ जिंगल तीस सेकंदांची बांधतात, तिच्यातून दहाची, पाचची आणि नुसत्या नावाची कापून घेतात. एक प्रकार 'डोनट'. दोन्ही टोकांना गायन आणि मधे नुसतं संगीत, त्या पोकळीत निवेदक त्या दिवसाचं काही सांगतो. एकदा केलेली डोनट वर्षभर ताजी राहते. कमी पैशांच्या केंद्रानं आधी हीच करून घ्यावी.

कोरसचा भपका बहुतेक वेळा चारच गळ्यांचा असतो. तेच चौघं तीच ओळ तीन-चारदा गातात, हे थर एकावर एक चढवले की बारा-सोळा जण गातायत असं वाटतं. स्पष्ट उच्चाराला इथं सुरापेक्षाही जास्त मान. 'उंब्रज'मधला 'ब्र' गाताना पटकन सुटतो आणि भलतंच गाव ऐकू येतं. म्हणून जड जोडाक्षर चढ्या स्वरावर किंवा तानेत ठेवायचं नाही, ठाय स्वरावर बसवायचं. आणखी एक पथ्य संगणकापुढं बसणारे हमखास विसरतात: मोठ्या स्पीकरवर छान वाजतंय म्हणून खूश व्हायचं नाही. प्रक्षेपणाआधी केंद्राचा प्रोसेसर लहान-मोठे आवाज दाबून एका पातळीला आणतो, एफएमवर साधारण पंधरा किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही आणि ऐकणारा तर मोबाइलच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर किंवा इंजिनाच्या घरघरीत ऐकतो. घुमक्याचा खर्ज तिथं गडप होतो. हलगीची तडतड मात्र ट्रकच्या केबिनमध्येही शाबूत पोचते.

हलगीचं नाव सहज आलेलं नाही. आपल्या भागातली खासगी केंद्रं ऐकली की एक गोष्ट खुपते: सांगली, कोल्हापूर, पुणे सगळीकडे इमेजिंग एका साच्यातून निघालेलं. सिंथचा धूमधडाका, यंत्रमानवासारखा केलेला आवाज, हिंदी-इंग्रजीची सरमिसळ. डलासची पद्धत उचलली ती चालीसकट. वास्तविक उंब्रजच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात आयता खजिना आहे. पालच्या खंडोबाचे वाघ्या-मुरळी दिमडी, तुणतुणं आणि घोळ घेऊन जागरण घालतात. गोंधळ्यांचं संबळ आहे, यात्रेतली हलगी-घुमकं-कैताळ आहे, चाफळच्या देवळात टाळ आहेत. तुणतुण्याचा एकच ताणलेला स्वर म्हणजे जगात कुठंही न मिळणारा स्टिंगर.

हे होऊ शकतं, याची साक्ष आपल्याच भागात आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं 'माणदेशी तरंग वाहिनी' ९०.४वर २००८ पासून चालतं. संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी २०१८च्या टेड भाषणात तिथल्या केराबाईंची गोष्ट सांगितली आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, तरी त्या रेडिओवर निवेदन करतात. जत तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचं 'येरळावाणी' आहे. नदीचं नाव आणि पुढं वाणी, यापुढं आणखी घोषवाक्य कशाला हवं! या केंद्रांचं प्रक्षेपण साधारण शंभर वॉटचं, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. उंब्रजपर्यंत ती पोचत नाहीत. पण ओळखीला पल्ला लागत नाही, कान लागतो.

सामुदायिक रेडिओचं धोरण २००६मध्ये खुलं झालं. शाळा-कॉलेजं, कृषी विज्ञान केंद्रं आणि नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकतात. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लागतात. जाहिरातींना आधी तासाला सात मिनिटांची मुभा होती, २०२४च्या नव्या नियमांत ती बारा मिनिटांपर्यंत गेली. म्हणजे उद्या उंब्रज परिसरातल्या एखाद्या कॉलेजनं मनावर घेतलंच, तर किराणा दुकानापासून ट्रॅक्टर शोरूमपर्यंत सगळ्यांना जिंगल लागणार. तेव्हा सिनेमातल्या चालीवर शब्द चिकटवायचा मोह होईल. तो टाळा. चालीचे हक्क कोणाचे तरी असतात आणि परवान्याशिवाय वापरली तर नोटीस येते. शिवाय ऐकणाऱ्याला सिनेमा आठवतो, दुकान नाही.

सामग्रीची अडचण तशी फार नाही. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक बरा मायक्रोफोन लागतो आणि गोधड्या टांगलेली खोली स्टुडिओचं काम भागवते. त्या खोलीत पहिल्यांदा कोणाला बोलवायचं, एवढंच ठरवायचं आहे. मुंबईहून तयार पॅकेज मागवण्याआधी गावच्या हलगीवाल्यांना आणि वाघ्या-मुरळींना दिवसाची सुपारी द्या, त्यांची नावं करारात लिहा, आणि जिंगल जितकी वर्षं वाजेल तितकी वर्षं त्यांना मानधन द्या.