घरघर

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या मे महिन्यात मिरकरवाड्यातल्या एक काकी लेकाला घेऊन आल्या. लेक बोटीवर कामाला, सुट्टीवर घरी आलेला. त्याने पिशवीतून हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल काढला. "ह्येच्यात काय घरघरताय ता बघ गो बाय," काकी म्हणाल्या, "माजी झोप उडवलान."

लेकाची तक्रार वेगळी होती. दहा मिनिटं खेळलं की चित्र अडखळतं, मग पाठ चटके द्यायला लागते आणि यंत्र आपोआप बंद.

दोघांची तक्रार एकच आहे हे मला काकींच्या शब्दावरून कळलं. पंख्याचे आवाज तीन तऱ्हेचे. बारीक शिट्टी वाजत असेल तर पंखा ठीक आहे, त्याला फक्त वारा कमी मिळतोय. जाळीत कापूस अडकलेला असतो. टिकटिक म्हणजे पात्याला वायर किंवा केस घासतोय. आणि घरघर, तीही यंत्र आडवं-उभं केल्यावर बदलणारी, म्हणजे बेअरिंग गेलं. मी कन्सोल कानाला लावून तिरका केला. घरघर बदलली.

1989 सालच्या गेम बॉयला पंखा नव्हताच. चार पेन्सिल सेलवर चालणारं ते यंत्र तापणार तरी किती? आजचा कन्सोल म्हणजे आख्खा कॉम्प्युटर. त्यातली चिप भरात आली की 15 वॅटपर्यंत वीज खाते. आपल्याकडचा झिरोचा बल्बही साधारण तेवढाच खायचा, पण तो भिंतीवर मोकळा असायचा. इथे तेवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात, प्लॅस्टिकच्या बंद डबीत. ती बाहेर काढायला चिपवर तांब्याची चपटी नळी असते. नळीत किंचित पाणी, आणि हवा काढून घेतलेली, त्यामुळे ते कमी उष्णतेलाच उकळतं. पुढचं काम मोदकपात्रासारखं: वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पाणी होऊन परत येते. गार टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि तिच्यावर पंखा. पंखा थांबला की गार टोक गार राहत नाही, वाफेला पाणी होता येत नाही, आणि चिप आधी आपला वेग कमी करते, तेवढ्याने भागलं नाही तर यंत्र बंद करते. म्हणजे बंद पडणं ही त्याची समजूतदार बाजू.

खोलण्याआधी बॅटरी पावभागाच्या खाली उतरवली. भरलेल्या बॅटरीला चुकून हत्यार लागलं तर भडका मोठा. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. स्क्रू मी कागदावर यंत्राचं चित्र काढून जागच्या जागी ठेवते. एकदा लांब स्क्रू आखूड जागी पिळून मी एक बोर्ड फोडला आहे, तेव्हापासून ही सवय.

आत आपला सगळा जिल्हा होता. जाळीवर जांभ्याची तांबडी धूळ, खाऱ्या दमटपणात भिजून थापलेली, आणि तांब्यावर हिरवट गंज. पुण्याची धूळ फुंकरीने उडते, आमची खरवडावी लागते. यावर लोक पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून आणतात. तसं करू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते थेट बोर्डावर जातं. शिवाय मोकळा पंखा जोरात फिरला की त्याची मोटर डायनॅमो बनते, उलटी वीज बोर्डात शिरू शकते. हवा मारायचीच तर पातं बोटाने धरून.

पंख्याच्या स्टिकरखाली मी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. घरघर थांबली. काकी खूश, पण मी लेकाला म्हटलं, हे पंधरा दिवसांचं आहे. दांडीच झिजली असेल तर तेल तिला भरून काढत नाही. अकराव्या दिवशी तो परत आला. तोवर कुरियरने नवा पंखा आला होता, त्याच मॉडेलचा. नुसतं माप जुळून चालत नाही. कनेक्टरला चार वायरी: दोन विजेच्या, एक वेगाचा हुकूम देणारी, एक खरा वेग परत कळवणारी. त्यांचा क्रम चुकला तर नवा पंखाही गप्प बसतो.

मग चिपवरची वाळून पापुद्रा झालेली पेस्ट स्पिरिटने पुसली आणि मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली. पेस्ट खरं तर तांब्याएवढी उष्णता वाहत नाही. पण चिप आणि तांब्याच्या नळीमधल्या न दिसणाऱ्या खाचांत हवा राहते, आणि तांब्याच्या तुलनेत हवा जवळपास 15 हजार पट मठ्ठ. त्या हवेला हुसकावणं एवढंच पेस्टचं काम. फासून थर केला की तीच अडसर होते.

स्क्रू लावताना आधी उलटा फिरवायचा, आटा बसल्याची टिक लागली की मग सुलटा. नाहीतर प्लॅस्टिकची पकड जाते.

तासभर तो दुकानातच खेळला. पाठ कोमट होती. काकींनी कन्सोल कानाला लावून बघितला, नुसता वारा ऐकू येत होता. गादीवर ठेवून खेळू नकोस, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेव, एवढं सांगून मी त्याला सोडला. बोटीवर तो किती ऐकणार, देव जाणे.

जुना पंखा माझ्या खणात आहे. कामाला नवा पोरगा आला की मी तो पाच व्होल्टवर लावते, डोळे मिटायला सांगते आणि विचारते, शिट्टी, टिकटिक की घरघर?