प्रकाशाहून वेगवान यान : खरी अडचण काळाची

बंगळुरू : विज्ञानकथांतील अंतराळयाने क्षणार्धात दुसऱ्या ताऱ्यापाशी पोहोचतात. प्रत्यक्षात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाणाऱ्या ‘व्हॉयेजर-१’च्या वेगाने तेथे पोहोचण्यास ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील.

आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतानुसार, वस्तुमान असलेल्या पदार्थाला प्रकाशाचा वेग गाठण्यासाठी अनंत ऊर्जा लागेल. मात्र, जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असलेले कण का असू नयेत, असा प्रश्न ई. सी. जी. सुदर्शन, व्ही. के. देशपांडे आणि बिलानियुक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडला. अशा कणांना पुढे ‘टॅकिऑन’ हे नाव मिळाले. सुदर्शन यांनी नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही कार्य केले.

टॅकिऑन अद्याप आढळलेले नाहीत. आढळले, तरी त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाखाली कधीच येणार नाही. त्यामुळे थांबलेले यान त्यांच्या पंक्तीत जाऊ शकत नाही.

त्याहून मोठा पेच कार्यकारणभावाचा आहे. बंगळुरूतील बनशंकरीहून प्रकाशाहून वेगवान संदेश दूरच्या, वेगाने जाणाऱ्या यानाकडे पाठवला आणि यानानेही तसेच उत्तर दिले, तर ते उत्तर मूळ संदेश निघण्यापूर्वीच बनशंकरीत येऊ शकते. ते वाचून संदेश पाठवणेच रद्द केले, तर उत्तर आले कोठून?

मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये यानाभोवतीचे अवकाशच आकुंचित व प्रसरित करण्याची कल्पना मांडली. तिला ऋण ऊर्जा प्रचंड प्रमाणात लागते आणि काळाचा हा पेच तिच्यातही सुटत नाही.