दोन पळ्या तेलाचा हिशोब

मुलांनो, वडाभात आणि गोळाभात यांत फरक काय, सांगा बरं? देवळीच्या पोरांना हा प्रश्न विचारलात तर ती हसतील. दोन्हींत खाली भात आणि वर हरभऱ्याची डाळ. पण वडे तेलात तळून भातावर कुस्करतात, आणि गोळे मात्र भात शिजत असतानाच त्याच्या वाफेवर शिजतात. म्हणजे तळणीची सुट्टी आपल्या पणजीनं कधीच केली होती! तेल शिरतं ते पुढे, पानात वाढताना.

देवळी हे वर्ध्याहून यवतमाळला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि थंडीत हरभरा. डाळ घरचीच, म्हणून पाहुणा आला की गोळाभात! गोळा भातात कुस्करायचा, मध्ये खळगा करायचा आणि त्यात मोहरी-हिंग-लाल मिरचीची गरमागरम फोडणी ओतायची. एक पळी झाली की आजी म्हणणार, "घे अजून." झाली दुसरी पळी.

आता वही-पेन्सिल घ्या. पळीत १५ मिलिलिटर तेल मावतं असं धरू. दोन पळ्या म्हणजे ३० मिलिलिटर, वजनात साधारण २७ ग्रॅम. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात (भात-पोळीतल्या पिठूळ भागातून एका ग्रॅमला ४ च). गुणाकार करा, २४३ आले ना? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसभरात मिळून २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. म्हणजे सकाळचे पोहे, भाजीची फोडणी, पोळीवरचं तूप, सगळ्याचा वाटा एका खळग्यात संपला!

मग जुनी माणसं कशी खात होती? अहो, वखरामागे दिवसभर चालणाऱ्याला आणि उन्हात कापूस वेचणारीला ते तेल पुरायचंही नाही. काम बदललं, पळी तेवढीच राहिली.

मग एक दिवस डॉक्टर आजोबांना सांगतात, तेल कमी करा. आणि घरात काय होतं? पंगत गोळाभात खाते आणि आजोबांच्या पुढे वेगळं, पांढरंफटक ताट. सगळ्यांच्या ताटातून फोडणीचा वास येतोय आणि ते एकटे दूधभात कालवतायत. मला हे अजिबात पटत नाही. एका पंगतीत एकच पदार्थ हवा, आणि तो आजोबांनाही चालायला हवा.

तेल अगदीच बंद करायचं का? वर्ध्याजवळच सेवाग्राम आहे. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला गेले. त्यांचं जेवण बिनमसाल्याचं, उकडलेल्या भाज्यांचं. त्याच्या आधी, १९३५ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन खाऊन पाहण्याचे प्रयोगही केले होते. त्यांना ते जमलं. पण आमच्या आजीपुढे बिनफोडणीचा गोळा ठेवा, ती म्हणेल, "तेल नाही तं गोळाभात कायले म्हनायचा?" आणि तिचं खरं आहे बरं का! मिरचीचा लाल रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. हिंगाचा खमंग वासही तेलातच खुलतो. तेव्हा तेल हवं, पण शेवटी आणि वरून. जिभेला पहिल्यांदा तेच लागतं, म्हणून थोडंसंही पुरतं.

चला तर, चौघांसाठी करू या. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवा, निथळा आणि पाणी न घालता जाडसर वाटा. कोरडा भरडा घेतला तर गोळे घट्ट होऊ नयेत म्हणून तेलाचं भरपूर मोहन घालावं लागतं. भिजलेल्या डाळीत पाणी मुरलेलं असतं, तिला एक चहाचा चमचा तेल पुरतं. त्यात तिखट, मीठ, हळद, जिरं, मूठभर चिरलेली मेथी आणि सांबार घाला. (पुण्या-मुंबईच्या दोस्तांनो, इडलीबरोबरचं सांबार नव्हे हं! विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) लिंबाएवढे दहा-बारा गोळे वळा.

दीड वाटी तांदळाचा भात पातेल्यात लावा. पाणी आटत आलं आणि भातावर भोकं दिसू लागली की गोळे वर मांडा, पाव वाटी गरम पाणी शिंपडा, घट्ट झाकण ठेवा आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. गोळ्यात सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झालं. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, वाफ भाजते.

फोडणी मोठ्यांनीच करायची. छोट्या कढल्यात चार चमचे तेल, चमचा चहाचाच. कढलं थोडं तिरकं धरलं की एवढ्याशा तेलातही मोहरी छान तडतडते. मग लसणाचे काप, गॅस बंद, आणि शेवटी हिंग, सुकी मिरची. माणशी एक चमचा. गोळ्यातलं तेल धरूनही एका ताटात सहा ग्रॅमच्या आतच. सोबत चिंचेचं सार किंवा ताकाची कढी हवीच, नाहीतर घशात तोठरा बसेल.

तर्रीचीही गंमत सांगते. रश्शावरचा तो लाल थर म्हणजे निव्वळ तेल, पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर आलेलं. रस्सा गार झाल्यावर तो थर चमच्यानं काढून मोजा. आकडा पाहून घरातले सगळे गप्प होतील! रश्शाला दाटपणा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यानं येतो. कांदा तेलात न परतता विस्तवावर भाजला तर चव उलट वाढते. खोबऱ्यावर मात्र हात आखडता ठेवा, त्यातूनच तर तेल गाळतात. आणि रोडगे? ते गोवऱ्यांवर भाजलेले, मुळातच हलके. फक्त तुपाच्या वाटीत बुडवायचे नाहीत, वरून चमचाभर घ्यायचं.

आई-बाबांनो, हे वाचून लहानग्यांचं तूप बंद करू नका हं. वाढत्या वयाला ते लागतंच.

आणि गोळे उरले तर? सकाळी कुस्करायचे, चमचाभर तेलावर कांदा परतून त्यात टाकायचे, वर लिंबू पिळायचं. डब्यात न्या, पण मधल्या सुट्टीपर्यंत उरतील याची हमी नाही.