खडवलीच्या भातशेतीचं वेळापत्रक का बिघडलंय आणि शेतकरी काय करतायत?

कल्याणहून कसाऱ्याची लोकल पकडली की टिटवाळ्यानंतरचं स्टेशन खडवली. बहुतेकांना ते भातसा नदीवरच्या पावसाळी सहलींमुळे आणि तिथल्या बुडण्याच्या बातम्यांमुळेच माहीत असतं. पण इथून वासिंद, आसनगाव करत माहुलीच्या डोंगरापर्यंत गेलात, तर रुळांच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसतात. शेतं लहान, त्यातही भावाभावांत वाटलेली, आणि बहुतेक सगळी पावसाच्या भरवशावर.

या शेतकऱ्यांशी बोलताना ‘हवामान बदल’ हा शब्द फारसा कानावर येत नाही. ‘नक्षत्रं चुकतात’, ‘पाऊस लहरी झालाय’ असं ते म्हणतात. मृगात पेर, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, हस्त संपता संपता हळव्या भाताची कापणी, असं पिढ्यानपिढ्यांचं वेळापत्रक होतं. तेच आता जुळत नाही, ही त्यांची तक्रार आहे.

या तक्रारीत तथ्य किती?

बरंच. हवामान विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. आधीच्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या हिशेबात मुंबईत पाऊस येण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, म्हणजे जवळपास तीच राहिली. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. शहरातल्या माणसाला या नऊ दिवसांनी काही फरक पडत नाही. भातवाल्याला पडतो, कारण हळवं भात नेमकं याच दिवसांत पिकतं.

या झाल्या सरासरी तारखा. प्रत्यक्षात वर्षावर्षातला फरक त्याहून मोठा आहे. २०२३ मध्ये मान्सून मुंबईत पोहोचला २५ जूनला. २०२५ मध्ये तो आला २६ मे रोजी, किमान ७५ वर्षांतलं सर्वात लवकर आगमन. दोन वर्षांच्या अंतराने एकाच गावाला जवळपास महिन्याचा फरक! शिवाय २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठा भाग व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. तो अभ्यास ठाणे जिल्ह्याचा नाही. पण त्या पावसाची बरीचशी वाफ येते ती अरबी समुद्रावरून, आणि त्याच समुद्राच्या वाऱ्यावर आपलं भात उभं असतं.

तरी सगळंच पावसाच्या माथी मारता येत नाही. आवणी उशिरा होते ती कधी कधी माणसं मिळत नाहीत म्हणून. भिवंडीच्या गोदामांत बारमाही काम आहे, चिखलात वाकून रोपं लावण्यापेक्षा ते बरंच सोपं. गुरं कमी झाली, त्यामुळे राबासाठी शेण कमी पडतं. बांध फुटला तर डागडुजीला कुणी नसतं आणि मग थोडी उघडीप पडली तरी खाचर कोरडं होतं. शेतकरी याला ‘पाऊस कमी झाला’ म्हणतो, पण काही वेळा कमी झालेलं असतं ते पाणी धरून ठेवणं.

बियाणं कोणतं घ्यायचं?

बदललेल्या पावसाला दिलेलं खरं उत्तर मे महिन्यात, बियाण्याच्या दुकानात ठरतं. भाताचे ढोबळ तीन प्रकार. हळवं चार महिन्यांच्या आत तयार होतं, गरव्याला त्याच्यावर आणखी तीन-चार आठवडे लागतात, निमगरवं दोघांच्या मधलं. जुना नियम जमिनीवर चाले. उताराच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हळवं आणि खोलगट, पाणी साचणाऱ्या खाचरात गरवं. पाऊस लवकर गेला तर उतारावरचं भात करपू नये, हा त्यामागचा विचार.

आता हाच नियम उलटतोय. दहा जूनच्या सुमारास पेरलेलं हळवं सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापणीला येतं आणि तेव्हा पाऊस गेलेला नसतो. भात कापलं की एक-दोन दिवस शेतातच वाळवावं लागतं, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचे. त्या दोन दिवसांत सर आली की लोंबीतच दाण्याला मोड येतात. पेंढा काळा पडतो तो वेगळाच. म्हणून काही जण उतारावरही निमगरवं लावू लागलेत. ऑक्टोबर कोरडा गेला, तर तेच भात दाणा भरताना पाण्याला तरसतं. आणि गरवं तरी सुरक्षित कुठे? २०१९ मध्ये क्यार आणि पाठोपाठ महा या चक्रीवादळांच्या दिवसांत, दिवाळीच्या सुमारास, कापलेलं भात पाण्यात तरंगत होतं.

हिमाचलमधल्या सफरचंदवाल्यांशी तुलना करून पाहा. खाली थंडी कमी पडू लागली तशा बागा वर, किन्नौर-लाहौलकडे सरकल्या. आपल्याकडे वर सरकायला जागाच नाही. खाचराच्या वर वरकस जमीन, त्याच्यावर जंगल आणि मग कातळ. त्यामुळे इथला शेतकरी उंची बदलू शकत नाही, फक्त तारीख बदलू शकतो. यातला सर्वात शहाणपणाचा प्रकार म्हणजे सगळं एकाच डावावर न लावणं. थोडं हळवं, थोडं निमगरवं, आणि रोपवाटिकाही आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत. एक हप्ता चुकला तर दुसरा हाती लागतो. पण अर्ध्या एकरात असे किती तुकडे पाडणार?

२०२५ सारख्या वर्षी तर रोपवाटिकेपासूनच अडचण होती. मे महिन्यातच पाऊस लागला. राब भिजला, जमिनीला वाफसा येईना, पेरणीआधीच तण उगवलं.

चिखलणी न करता भात लावण्याची एक पद्धत रायगड-ठाणे पट्ट्यात पसरते आहे. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं हे सगुणा भात तंत्र. गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर ठरावीक अंतरावर थेट दाणे टोकायचे, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. रोपवाटिका नाही, आवणी नाही, चिखलणीसाठी मुसळधार पावसाची वाट पाहणं नाही. मजुरीही वाचते. खोट एकच: पाणी साचलेलं नसल्याने तण माजतं आणि बहुतेक जण तणनाशक मारतात. वरकसावरची नाचणी-वरी कमी पावसातही तगते, पण रानडुकरं आणि कांडणीची मेहनत यांमुळे ती मागे पडत गेली.

नदीकाठी ज्यांची शेतं आहेत त्यांना भातानंतर काकडी, भेंडी घेता येते. भातसा धरणाचं पाणी याच नदीपात्रातून खाली पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून मुंबईला. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा हाच. म्हणून उन्हाळ्यातही नदी वाहती असते. पंप मात्र काठावरच्याच शेताला परवडतो. तिकडे भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं पोटात असलेल्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

विमा आहे ना?

आहे, पण त्याची चौकट बदलली. पंतप्रधान पीक विमा योजनेत कापून वाळत घातलेल्या पिकाला १४ दिवसांचं संरक्षण असे. नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचं. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद केला आणि ही जादाची संरक्षणंही काढली. आता भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगात निघालेल्या सरासरी उत्पादनावरून. म्हणजे उभं पीक चांगलं निघालं आणि नंतर शेतात कुजलं, तर या हिशेबात ते चांगलंच आलेलं असतं. खडवलीच्या पट्ट्यात नेमकं हेच नुकसान वाढतंय.

मग उरते ती आपत्तीची सरकारी मदत. त्यासाठी नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं आणि पंचनामा व्हावा लागतो. भिजलेलं भात तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड धरायला लागतं. ते पंचनाम्यासाठी तसंच पडू द्यायचं, की उचलून ताडपत्रीवर पसरून निम्मं तरी वाचवायचं, हे तलाठी गावात कधी पोहोचतो त्यावर ठरतं. आता निदान फोनवर फोटो काढून ठेवता येतो, म्हणून बरेच जण आधी फोटो काढतात आणि मग भारे उचलतात.