एका मुलाने पंधरा हजारांचा फरक
‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांना मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. वार्षिक कमाल निकष असे :

● ३० पर्यंत पट : १०,००० रुपये
● ३१ ते १०० : २५,००० रुपये
● १०१ ते २५० : ५०,००० रुपये
● २५१ ते १,००० : ७५,००० रुपये
● १,००० हून अधिक : १ लाख रुपये

खर्च : वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, किमान १० टक्के स्वच्छतेवर.
वाटा : महाराष्ट्रात केंद्र ६०, राज्य ४० टक्के.
मेख : पट ३० असेल तर दहा हजार, एकतिसावे मूल आले की पंचवीस. वाडीवरच्या शाळेचे छप्पर मात्र पट पाहून गळत नाही.
उपाय : प्रत्येक शाळेला ठरावीक मूळ रक्कम, त्यावर दर विद्यार्थ्यामागे भर.