टाकाऊ पुस्तकांचें कलारूप

पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात जोडावयाचे, विजयादशमीस पाटीपुस्तकांची पूजा करावयाची, हा संस्कार मराठी घरांत अद्याप जिवंत आहे. तरीहि जून महिना आला कीं ह्याच घरांतून पुस्तकें वजनावर विकलीं जातात. ह्यांत घरमालकाचा दोष मानतां येत नाहीं. नव्या मुंबईंत घणसोलीलगतच्या तळवलीसारख्या ठिकाणीं, जेथें जुन्या गांवठाणाभोंवतीं आतां इमारती उभ्या आहेत, तेथील लहानशा बिऱ्हाडांत जुन्या अभ्यासक्रमाचीं क्रमिक पुस्तकें आणि कालबाह्य मार्गदर्शिका ठेवावयास जागा कोठून आणावी? रद्दीवाला हा एक मार्ग झाला. अशा पुस्तकांपासून कलावस्तु घडविणें हा दुसरा मार्ग होय.

इंग्लंडांतील चित्रकार टॉम फिलिप्स ह्यांनीं १९६६ सालीं तीन पेन्स देऊन मॅलॉक ह्या लेखकाची १८९२ सालची एक विस्मृत कादंबरी विकत घेतली. तिच्या पानापानावर त्यांनीं चित्रें रंगविलीं; मात्र मधले कांहीं शब्द उघडे ठेविले, आणि त्या शब्दांतून निराळीच कथा उभी राहिली. हें काम पन्नास वर्षें चाललें. अखेरची आवृत्ति २०१६ सालीं निघाली. 

परंतु कागदाला दुसरा जन्म देण्याची कला महाराष्ट्रास परकी नाहीं. पूर्वीच्या अखंड ठाणें जिल्ह्यांत मोडणाऱ्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलेल्या जव्हार-मोखाडा भागांत बोहाडा नांवाचा उत्सव होतो. त्यांत देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे धारण करून वाद्यांच्या तालावर सोंगें नाचतात. हे मुखवटे लांकडाचे असतात, तसेच कागदाच्या लगद्याचेहि असतात. त्यांत सरस्वतीचेंहि सोंग असतें. टाकून दिलेल्या कागदानें विद्यादेवतेचें मुख व्हावें, ह्याहून अधिक योग्य सद्गति कोणती?

लगद्याची कृति अवघड नाहीं. कागदाचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यांत भिजवावे, कुटून मऊ करावे, पाणी पिळून काढावें आणि चिंचोक्याची खळ किंवा डिंक मिसळून साच्यावर थापावें. खळींत किंचित् मोरचूद घालण्याची बांधणीकारांची जुनी रीत आहे; त्यामुळें कीड लागत नाहीं. मात्र मोरचूद विषारी असल्यानें तो मुलांच्या हातीं देऊं नये. वस्तु पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा.

कोणतें पुस्तक कशास योग्य, हें पानाचा कोपरा दुमडून पाहिल्यास कळतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद प्रचारांत आला, त्यांतील आम्लामुळें तो पिवळा पडून ठिसूळ होतो. दोन-चार घड्यांतच ज्याचा कोपरा तुटतो, तें पुस्तक लगद्यालाच द्यावें. ज्याचा कागद चिवट असेल, त्याचीं पानें मापानें दुमडून कडेवर अक्षर किंवा आकृति उठवितां येते. गुळगुळीत, चकचकीत कागदावर मातीचा लेप असल्यानें त्याचा लगदा चांगला होत नाहीं.

येथेंच एक इशारा देणें अवश्य आहे. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. अशीं साधनें जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून गोळा करावीं लागलीं. आणि जीं वेळेवर हातीं आलीं नाहींत, त्यांतील कित्येक निरुपयोगी कागद म्हणून वाण्याच्या पुड्यांत नाहींशीं झालीं. ज्यांनीं तीं विकलीं, ते कांहीं विद्येचे शत्रु नव्हते. आपल्या हातांत काय आहे, एवढेंच त्यांस ठाऊक नव्हतें.

म्हणून कात्री उचलण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पुस्तक कोणत्या सालचें आहे? त्याच्या दुसऱ्या प्रती सहज मिळतात काय? समासांत कोणाच्या हस्ताक्षरांतील टिपणें आहेत काय? लाखोंनीं छापलेलें जुनें क्रमिक पुस्तक निःशंकपणें कापावें. परंतु आजोबांच्या पेटींतील अनोळखी मराठी पुस्तकाबद्दल संशय आला, तर तें आधीं जाणत्या ग्रंथपालास दाखवावें. तळवलीकरांस तर १८९३ सालीं स्थापन झालेलें ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय दूर नाहीं. रद्दींतून कला निर्माण करितां येते. परंतु कापून टाकलेली शेवटची प्रत कोणत्याहि कलेनें परत येत नाहीं.