मिरजेची तंतुवाद्ये

इटलीतील क्रेमोना हे गाव व्हायोलिनमुळे जगास ठाऊक झाले. स्ट्राडिव्हारीच्या त्या गावाची वाद्यकारागिरी २०१२ साली युनेस्कोच्या वारसायादीत आली. आपले क्रेमोना म्हणजे मिरज. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, शस्त्रे घडविणारे. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, हे हात भोपळ्याकडे वळले. खरे कसब जवारी काढण्यात. घोडीचा माथा कानशीने घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवीत झंकार उघडायचा. त्याला माप नाही, कानच प्रमाण! २०२३ साली दिल्लीतील द्वारका येथे विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शस्त्रकारांना स्थान मिळाले, वाद्यकारांना नाही. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मात्र २०२४ साली लाभले.